मॉरिशसचा स्लॅब, फिजीचा पत्रा

मॉरिशसच्या कुठल्याही गावातून चालताना मान वर केली की घरांच्या सपाट छतांमधून लोखंडी सळया डोकावताना दिसतात. खाली घर नांदतं असतं. भिंतींना रंग दिलेला असतो, बऱ्याच अंगणांत छोटं देऊळ आणि वर हनुमानाचा लाल झेंडा असतो. छत मात्र काम अर्ध्यावर सोडल्यासारखं दिसतं. मराठी माणसाला या सळयांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडेही तालुक्याच्या गावांत कॉलमच्या सळया अशाच वर ठेवतात. मुलगा मोठा होईल, त्याचं लग्न होईल, मग वरचा मजला चढवायचा. ज्याला आपली जागा पुढच्या पिढीतही आपलीच राहील याची खात्री आहे, तोच छतावर सळया ठेवतो.

आता पॅसिफिकमधल्या फिजीकडे वळू. व्हिती लेवू या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला लाउतोका आणि बा या शहरांच्या भोवती उसाचा पट्टा आहे. तिथे उसाच्या रानात शेतकऱ्याचं घर दिसतं ते बहुतेक लाकडी फळ्यांचं आणि पन्हाळी पत्र्याचं. शेतकऱ्याचा पणजोबा भारतातून आलेला. चार पिढ्या त्याच मातीत राबल्या, पण जमीन भाडेपट्ट्याची. पट्ट्याची मुदत तीस वर्षं. १९९७ पासून हे पट्टे मोठ्या संख्येने संपू लागले आणि अनेकांचे पुन्हा करून मिळाले नाहीत. तेव्हा कित्येक कुटुंबांनी घराचे पत्रे उतरवले, फळ्या सोडवल्या आणि सगळं गाडीत घालून दुसरीकडे नेलं. पक्कं घर असं उचलून नेता येत नाही, म्हणून भाडेपट्ट्याच्या जमिनीवर पक्कं घर बांधायला माणूस धजत नाही.

दोन विकसनशील बेटांच्या जीवनमानाची तुलना करायची तर कोष्टकांच्या आधी हा स्लॅब आणि हा पत्रा बघावा, असं मला वाटतं. तरी आकडे टाळून चालणार नाही, म्हणून ते आधी सांगून टाकतो. मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. फिजीचं क्षेत्रफळ १८ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, बेटं तीनशेच्या वर आणि माणसं जेमतेम नऊ लाख. म्हणजे फिजीत माणशी जागा कितीतरी जास्त. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींच्या एकत्रित मोजमापात, मॉरिशस ०.८० च्या आसपास आहे आणि फिजी ०.७३ च्या. मॉरिशसमध्ये जन्मलेलं मूल सरासरी ७४-७५ वर्षं जगेल अशी अपेक्षा असते, फिजीत ६७-६८ वर्षं. दरडोई उत्पन्न मॉरिशसचं जवळजवळ दुप्पट.

हे आकडे आजचे आहेत. दोन्ही देश स्वतंत्र झाले तेव्हाचं चित्र असं नव्हतं. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, फिजी १९७० मध्ये. त्या दशकात दरडोई उत्पन्नात फिजी पुढे होता. त्याच्याकडे जमीन होती, जंगल होतं, सोन्याची खाण होती, माणसं कमी होती. मॉरिशसकडे ऊस आणि दाटीवाटी, याखेरीज फारसं काही नव्हतं. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने मॉरिशसचा अभ्यास करून तिथे शांततेने विकास होण्याची शक्यता फार थोडी असल्याचं मत मांडलं होतं. लोकसंख्या भरमसाट वाढतेय, काम फक्त उसात आहे, आणि निरनिराळ्या वंशांचे लोक एकमेकांकडे संशयाने बघताहेत, असा त्याचा एकूण सूर होता. मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं. माणूस थोर, पण भाकीत चुकलं. ते का चुकलं, हा या दोन बेटांच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

दोन्ही बेटांची सुरुवात विलक्षण सारखी आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून ब्रिटिशांनी भारतातून करारावर माणसं नेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढच्या काळात साडेचार लाखांहून अधिक माणसं त्याच वाटेने आली. ज्या धक्क्यावर ती उतरली तो ‘आप्रवासी घाट’ आज जागतिक वारसास्थळ आहे. त्याच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. या माणसांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते, कारण मुंबई बंदरातूनही मॉरिशसला जहाजं सुटत. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो आणि आपल्या कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते.

फिजीत पहिलं जहाज आलं ते १४ मे १८७९ रोजी, ‘लिओनिदास’. १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक भारतीय तिथे गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला आणि ते स्वतःला गिरमिटिया म्हणवू लागले. ही जहाजं कलकत्त्याहून आणि नंतर मद्रासहून सुटत, त्यामुळे फिजीत मॉरिशससारखा मराठी समाज उभा राहिला नाही.

दोन्ही बेटांना जोडणारा एक माणूसही आहे. सर आर्थर गॉर्डन हा १८७१ ते १८७४ मॉरिशसचा गव्हर्नर होता. करारबद्ध मजुरांना मळेवाले कसे छळतात, परवान्यांच्या निमित्ताने पोलीस त्यांना कसे पकडतात, हे त्याने तिथे जवळून बघितलं. त्यांच्या तक्रारींची चौकशी करायला राजआयोग नेमला गेला तो त्याच्याच कारकिर्दीत. मग १८७५ मध्ये तो फिजीचा गव्हर्नर झाला. त्या वर्षी फिजीत गोवराची साथ आली होती. मूळ फिजीयन लोकांना, म्हणजे आज ज्यांना इतौकेई म्हणतात त्यांना, हा रोग कधी माहीतच नव्हता. सुमारे चाळीस हजार माणसं दगावली. समोर मेलेली गावं आणि मनात मॉरिशसचे मळे, अशा अवस्थेत गॉर्डनने दोन निर्णय घेतले. मूळ रहिवाशांची जमीन बाहेरच्या कुणाला विकता येणार नाही, हा पहिला. आणि त्यांना मळ्यावर जुंपायचं नाही, मजूर भारतातून आणायचे, हा दुसरा.

या दोन निर्णयांनी फिजीचं पुढचं शतक ठरवलं. पहिल्या निर्णयामुळे इतौकेई लोक जगले, त्यांची भाषा आणि गावं टिकली. जगात जिथे जिथे गोऱ्यांची वसाहत झाली तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीचं काय झालं हे बघितलं की या निर्णयाचं मोल कळतं. आजही फिजीतली सुमारे ८७ टक्के जमीन इतौकेई कुळांच्या सामाईक मालकीची आहे. अशा कुळाला तिथे ‘मतांगाली’ म्हणतात. दुसऱ्या निर्णयाने साठ हजार माणसं अशा देशात आणून सोडली, जिथे त्यांना जमीन विकत घेणं जवळजवळ अशक्य होतं.

आपल्याकडे कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणाऱ्याच्या हक्कात जमीन आली. मराठी वाचकाला वाटेल, फिजीतही ‘कसेल त्याची जमीन’ का केलं नाही? इथेच पेच आहे. आपल्याकडे जमीनमालक सावकार किंवा खोत होता. फिजीत मालक म्हणजे बेटाचे मूळ रहिवासी. ती जमीन काढून घेतली तर त्यांच्याकडे दुसरं काहीच उरत नाही. दोन्ही बाजू कष्टाच्या, दोन्हींचा हक्क खरा. असा पेच कायद्याच्या एका फटकाऱ्याने सुटत नाही. त्यासाठी फार लांब मुदतीचा, दोघांनाही पोसणारा करार लागतो. फिजीत कायद्याने पट्टा तीस वर्षांचा ठरवला. तीस वर्षं म्हणजे एक पिढी. मुलगा हाताशी येईस्तोवर पट्टा संपतो. उसाच्या मुळावर आला तो हा हिशेब. नव्वदच्या दशकात चार लाख टनांच्या पुढे जाणारं साखरेचं उत्पादन अलीकडे दोन लाखांच्याही खाली घसरलं आहे.

मॉरिशसमध्ये हा पेचच नव्हता, कारण त्या बेटावर मुळात माणूस नव्हता. डच आले तेव्हा तिथे फक्त डोडो होते. त्यानंतर जो आला तो जहाजाने आला: फ्रेंच मळेवाला, आफ्रिका-मादागास्करहून आणलेला गुलाम, बिहारी-मराठी-तमिळ-तेलुगू मजूर, चिनी दुकानदार. ‘आम्ही इथले मूळचे’ असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. शिवाय १८८० नंतर साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. बायकांचे दागिने, वर्षानुवर्षांची शिल्लक, जे होतं ते घालून मजुरांनी ते तुकडे घेतले. एकरभर ऊस, बाजूला भाजीपाला, दारात गाय. छतावरच्या सळयांची सुरुवात तिथून आहे. पुढे १९६० मध्ये ‘कॅरोल’ चक्रीवादळाने बेटावरची गवताची आणि पत्र्याची घरं भुईसपाट केली. त्यानंतर लोकांनी आणि सरकारनेही सिमेंटचा धडा घेतला, आणि स्वतःची जागा असल्यामुळे तो घेता आला.

एवढ्यावर मात्र मॉरिशस घडला असं म्हणणं खोटं ठरेल. स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईमध्ये दंगली झाल्या, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. पुढे आणीबाणी आली, निवडणूक लांबली, ती १९७६ मध्ये झाली. हा देश शांत जन्मला नव्हता. त्याने शांतता कमावली, आणि ती कमावताना पैसा कुठे घातला ते बघण्यासारखं आहे. १९७५ मध्ये युरोपने ठरावीक कोटा जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने घ्यायचा साखर करार केला. त्यात सगळ्यात मोठा वाटा मॉरिशसचा होता, सुमारे पाच लाख टनांचा. फिजीलाही चांगला वाटा मिळाला. मॉरिशसने साखरेवर निर्यातकर लावला आणि तो पैसा शाळा, दवाखाने आणि पेन्शन यांच्याकडे वळवला. मळेवाल्यांनी आपला नफा कपड्यांच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला.

१९७७ मध्ये माध्यमिक शिक्षण फुकट झालं. माझ्या मते मॉरिशसच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वर्ष, स्वातंत्र्याच्या वर्षाइतकंच. तोवर गरिबाघरी एकाच मुलाची फी परवडायची आणि ती मुलाचीच भरली जायची. फी गेल्यावर मुली शाळेत राहिल्या. त्याच सुमाराला कपड्यांच्या कारखान्यांत कामगार हवे होते, आणि या मुलींना बापाच्या किंवा नवऱ्याच्या हातात न जाणारा पगार पहिल्यांदा मिळाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. आज तो आकडा दीडच्याही खाली आहे. मीड यांना ज्या लोकसंख्येची भीती वाटत होती ती शिवणयंत्रावर बसलेल्या, शाळा शिकलेल्या बायकांनी आवरली. २००५ पासून विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना बसप्रवास फुकट आहे. सकाळी गणवेशातली मुलगी आणि सरकारी दवाखान्यात साखर तपासायला निघालेली तिची आजी एकाच बसमध्ये तिकीट न काढता बसतात. जीवनमान म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या बसकडे बोट दाखवीन.

आणि या सगळ्याला सावरून धरणारी एक गोष्ट, ती म्हणजे मतपेटी. १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या आणि स्वातंत्र्य मिळवून देणारे शिवसागर रामगुलाम स्वतःही पडले. सत्ता मुकाट्याने दुसऱ्या हातात गेली. १९९५ मध्ये आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. साठ विरुद्ध शून्य असा निकाल लागतो आणि रस्त्यावर रणगाडा येत नाही. मॉरिशसला नियमित लष्करच नाही. कुठलाच समाज संसदेबाहेर राहू नये म्हणून पराभूतांपैकी चांगली मतं मिळवलेल्यांना आठ जागा देण्याची पद्धतही राज्यघटनेत आहे. ती निर्दोष नाही, तिच्यामुळे उमेदवाराला स्वतःची जात-जमात सांगावी लागते आणि त्यावर तिथे बराच वाद आहे. पण फाटाफूट टाळायला तिने मदत केली.

फिजीत काय झालं? एप्रिल १९८७ मध्ये तिमोथी बावाद्रा यांच्या आघाडीने निवडणूक जिंकली. बावाद्रा स्वतः इतौकेई डॉक्टर, पण त्यांच्या पाठीशी भारतीय वंशाचे मतदार मोठ्या संख्येने होते. सरकार जेमतेम महिनाभर चाललं होतं तोच १४ मेच्या सकाळी लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांचे मुखवटे घातलेले सैनिक संसदेत शिरले. १४ मे म्हणजे लिओनिदास आल्याची तारीख, बरोबर १०८ वर्षांनंतरची. त्याच वर्षी दुसरा उठाव झाला. मे २००० मध्ये जॉर्ज स्पाइटने पंतप्रधान महेंद्र चौधरींना ५६ दिवस ओलीस धरलं. डिसेंबर २००६ मध्ये लष्करप्रमुख बैनिमारामांनी सत्ता घेतली.

उठावाची किंमत माणसांत मोजावी लागते. १९८६ मध्ये फिजीत भारतीय वंशाचे लोक सुमारे ४९ टक्के होते, आज तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहेत. लाखाहून अधिक माणसं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघून गेली. आधी गेले ते डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस, इंजिनियर. ज्या गावातून गणिताचा शिक्षक गेला तिथल्या इतौकेई मुलालाही गणित शिकवायला कुणी उरलं नाही. अलीकडे परिचारिकाही जात आहेत आणि त्यात सगळ्या समाजांच्या आहेत. २००६ च्या उठावानंतर युरोपने साखरधंदा सावरायला देऊ केलेली मदतही रोखून धरली, आणि ती नेमकी तेव्हा, जेव्हा युरोपातला साखरेचा भाव छत्तीस टक्क्यांनी कापला जात होता. मॉरिशसला तशी मदत मिळाली आणि त्याने ती वापरून गिरण्या सुधारल्या.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मॉरिशस स्वर्ग आहे. तसं नाही, आणि निर्देशांकात न दिसणाऱ्या काही गोष्टींत फिजी वरचढ आहे. २०२० मध्ये करोनाने दोन्ही देशांचं पर्यटन एका रात्रीत बंद पाडलं. फिजीत नांदी शहराच्या हॉटेलांतले कामगार बेकार झाले आणि त्यातले पुष्कळ आपल्या गावी गेले. गावात मतांगालीची जमीन होती, दालो म्हणजे अळूचे कंद होते, कसावा होता, समुद्रात मासे होते. गावकऱ्याला मागितलं तर तो नाही म्हणत नाही, या रिवाजाला तिथे ‘केरेकेरे’ म्हणतात. शहरांत ‘बार्टर फॉर बेटर फिजी’ नावाचा फेसबुकवरचा गट उभा राहिला आणि लाखाहून अधिक लोक त्यात वस्तूच्या बदल्यात वस्तू देऊ लागले. अंगावर कोसळलेल्या अशा दिवसांत माणसाला धरून ठेवणारं जाळं पैशात मोजता येत नाही.

मॉरिशसमध्ये असं जाळं सगळ्यांना नाही. गुलामांचे वंशज, म्हणजे क्रिओल समाज, जमिनीच्या त्या तुकडेवाटपात फारसा आला नाही आणि नंतरच्या भरभराटीतही मागे राहिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लाडका क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देश दंगलींनी पेटला. ती चीड एका मृत्यूची नव्हती. उसाच्या जमिनीचा मोठा भाग आजही मोजक्या जुन्या फ्रेंच घराण्यांच्या हातात आहे. समुद्रकिनारा हॉटेलांनी व्यापत चालला आहे. प्रौढांत पाचातल्या एकाला मधुमेह आहे, आणि या दुखण्यात फिजीही त्याच्याच पंगतीला बसलेला आहे. तिथे पाय कापावे लागलेल्या रुग्णांची संख्या ही सरकारी रुग्णालयांची नेहमीची चिंता आहे.

वादळं दोघांनाही सोडत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘विन्स्टन’ चक्रीवादळाने फिजीत ४४ बळी घेतले आणि तीस हजारांहून अधिक घरांची मोडतोड केली. त्यातली कोरो बेटावरची घरं भाडेपट्ट्याची नव्हती, इतौकेईंच्या स्वतःच्या जमिनीवरची होती. म्हणजे नुसती मालकी पुरत नाही. मालकी असून हातात पैसा नसेल आणि गाव मुख्य बेटापासून दूर असेल, तर घर पत्र्याचंच राहतं. सिमेंटची गोणी बोटीतून न्यायचं भाडं गोणीच्या किमतीला भारी पडतं.

माझा निकाल विचाराल तर मी स्पष्ट सांगतो. सामान्य घरात जन्मलेल्या मुलाला आज मॉरिशसमध्ये अधिक चांगलं आयुष्य मिळतं. त्याचं श्रेय साखरेला किंवा किनाऱ्याला देणं चुकीचं आहे, ते दोन्ही फिजीकडेही होतं. श्रेय आहे फुकट शाळेला, सरकारी दवाखान्याला आणि कुणीही बंदुकीने उलथवू न शकलेल्या मतपेटीला. फिजीने मूळ रहिवाशांची जमीन राखली हे त्याचं मोठेपण. पण त्या जमिनीवर राबणाऱ्याला पिढ्यांची हमी दिली नाही, आणि त्याचा तोटा जमीनमालकालाही झाला. कारण पडीक पडलेल्या रानाचा खंड कुणी देत नाही.

१४ मे २०२३ रोजी राबुकांनी, आता पंतप्रधान म्हणून, १९८७ च्या उठावाबद्दल गिरमिटियांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. त्या वर्षापासून गिरमिट दिन ही फिजीत सार्वजनिक सुट्टी आहे.